माथेरान : घोड्यावरून उतरा, मग दिसेल

शनिवार-रविवार गाठून माथेरानला येणारे बहुतेक जण हे गाव घोड्याच्या पाठीवरून पाहतात. दोन-तीन तासांत पॉइंट उरकायचे, बाजारात चिक्की आणि चपला घ्यायच्या, की निघाले नेरळला लोकल पकडायला. घोडेवाल्यांचं पोट त्यावर आहे, म्हणून तक्रार नाही. पण सुमारे ८०० मीटर उंचीवरचं हे गाव मुळात चालणाऱ्यांचं. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला मज्जाव आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०च्या मे महिन्यात चौक गावाकडून वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागेकडून उतरले. माथेरानचा ‘शोध’ लावल्याचं श्रेय त्यांच्या नावावर जमा आहे. ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून याच रानात वावरत होते, ती गोष्ट वेगळी! नेरळहून झुकझुक गाडी आली ती १९०७ साली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती वडिलांच्या पैशांतून उभी केली. गाडीची मजा आहेच, पण वर जायची खरी वाट मला गार्बेटची वाटते.

भिवपुरी रोडला उतरायचं, पाली-भूतिवली धरणाच्या कडेनं सागाची वाडी गाठायची आणि तिथून गार्बेटच्या पठारावर. पठार उघडंबोडकं, त्यामुळे उन्हाळ्यात डोकं तापतं. पावसाळ्यात मात्र कड्यांवरून पाणी कोसळत असतं आणि मागे वळलं की धरण नि कर्जतकडची भातखाचरं एका नजरेत मावतात. शेवटची चढण दमवते. ती संपली की काळा कातळ मागे पडतो, पायाखाली जांभ्याची लाल माती येते आणि डोक्यावर जांभूळ, अंजनी, हिरड्याची सावली. नशीब असेल तर शेकरूही दिसतं. पश्चिमेला, सनसेट पॉइंटखालच्या धोदाणीहूनही अशीच एक पायवाट वर येते. आपण ज्याला ट्रेक म्हणतो, ती पायथ्याच्या वाड्यांतल्या माणसांची कामाला जायची वाट आहे.

गावात पोचल्यावर शार्लोट तलावाकाठच्या ग्रामदैवत पिसरनाथाला जाऊन या. आणि पॉइंटांच्या यादीत नसलेलं एक नाव लक्षात ठेवा : भाई कोटवाल. १९१२ साली इथेच जन्मलेले हे वकील माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. १९४२ला त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडून कारखान्यांची वीज तोडली. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते हुतात्मा झाले. इतक्या पॉइंटांना साहेबांची नावं असलेल्या गावात हे नाव ठळक दिसायला हवं.

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसानं माणसाला ओढणं थांबायलाच हवं होतं. त्या जागी ई-रिक्षा हा पर्याय योग्यच. धडधाकट पर्यटकांनी मात्र ती म्हाताऱ्यांसाठी आणि शाळकरी पोरांसाठी सोडावी.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते. गार्बेटला त्या दिवसांत जायचं तर धुक्यात वाट चुकते, तेव्हा सागाच्या वाडीतला एखादा माहीतगार सोबत घ्या आणि पहाटेचीच लोकल पकडा.