काळ्या जमिनीचा काळा रंग

देवळाली प्रवराच्या शिवारात नांगरटीवर वळवाची एक सर पडून गेली की जी जमीन काळीभोर दिसते, तीच पुढे उन्हाने तापली म्हणजे करडी पडते. तेव्हा तिचा खरा रंग कोणता, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, कारण एके काळी सरकारसारा त्यावर ठरत असे. गोल्डस्मिड, विंगेट प्रभृतींनी १८४७ साली मुंबई इलाख्यातील पाहणीचे जे नियम संकलित केले, त्यांत गर्द काळ्यापासून गडद तपकिरीपर्यंतच्या बारीक पोताच्या जमिनी पहिल्या वर्गात, भरड व बहुधा तांबूस दुसऱ्यात, आणि मुरमाड तिसऱ्यात बसविल्या होत्या. आणि पावणेदोन हात खोल असलेल्या काळीचीच प्रत सोळा आणे धरली जाई. रंगाला खोलीची जोड दिली, यातच या अंमलदारांचे शहाणपण दिसते.

आजचा मृदाशास्त्रज्ञ ओले ढेकूळ मुन्सेल या अमेरिकी चित्रकाराच्या पद्धतीने आखलेल्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहतो, आणि आपण सरसकट काळी म्हणतो ती माती पुष्कळदा ‘अतिगडद करडी’ किंवा ‘अतिगडद करडी-तपकिरी’ ठरते.

काळेपणा म्हणजे सेंद्रिय द्रव्याची समृद्धी, हा समज मात्र सोडला पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसॉल्टची झीज होऊन या मातीत पाण्याने फुगणारी, वाळताच भेगाळणारी स्मेक्टाइट जातीची चिकणमाती उत्पन्न झाली; तिच्या कणांना ह्यूमस इतका घट्ट बिलगून राहतो की, सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाच्याही आत असताना, सारा थर काळवंडतो. टायटॅनियमयुक्त लोहखनिजाचाही त्यास हातभार लागतो.

आणखी एक काळा रंग आहे, आणि तो पाहून कोणत्याही कुणब्याने हर्ष मानू नये. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांवाटे प्रवराकाठी फिरू लागले, ऊस आला. पण जिथे निचरा नव्हता तिथे जमिनी खारवटल्या, काही चोपण झाल्या. चोपणात सोडियम मातीचे कण विस्कटतो, ह्यूमस सुटा होऊन पाण्याबरोबर वर चढतो आणि पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागावर काळी साय धरतो. म्हणजे शिवारातला सर्वांत काळा तुकडा कदाचित सर्वांत रोगटही असावयाचा. जिप्सममधील कॅल्शियमने सोडियमची जागा घेऊन तो चरांवाटे वाहून जाईपर्यंत तिथे पीक धड उभे राहत नाही.