गिझर घेताना टाकी आधी पाहा

गिझर घेताना आपले बहुतेक बांधव किंमत पाहतात. आमच्या मते आधी टाकी पाहावी. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर बसतो आणि ती लवकर जळते. खाऱ्या पाण्याने टाकी गंजते. म्हणून आतून काचेचा लेप दिलेली टाकी व मॅग्नेशियमची कांडी असलेला गिझर घ्यावा. कांडी स्वतः झिजून टाकी वाचवते. ती वेळेवर बदलावी. आयएसआय खूण पाहावी, टाकीची हमी किती वर्षांची ते कार्डावर लिहून घ्यावे. सेफ्टी व्हॉल्व्ह व अर्थिंगशिवाय गिझर बसवू नये. गॅस गिझर बंद न्हाणीघरात मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जीव मात्र जातो. दुकानदार बांधवांनीही हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. त्याने विश्वास वाढतो आणि गिऱ्हाईक टिकते.