तेलात टिकणारा जोड : चिकटद्रव्य निवडताना

छोट्या इंजिनाचे चालते मॉडेल बनविणाऱ्या कारागिराचे काम लेथवर संपत नाही. क्रँककेसमध्ये तेल भरले, इंजिन तासभर चालवले आणि खाली अंथरलेल्या कागदावर एकही थेंब पडला नाही, तर काम पुरे झाले असे समजावे. गिऱ्हाईक पितळेची चकाकी पाहून माल घेते. पण आठ दिवसांत तेल गळू लागले की तोच माल परत घेऊन दारात उभे राहते. महिन्याची मेहनत आणि कमावलेले नाव चिमूटभर चिकटद्रव्यापायी जाते.

ही चूक आमच्या हातूनही झाली आहे. तेलाच्या टाकीची पितळी नळी आम्ही चांगल्या इपॉक्सीने बसवली होती. आठवड्याभरात ती हातात आली. दोष आम्ही मालाला दिला. मग जोड नीट पाहिला, तर पितळेवर इपॉक्सीचा कणही नव्हता. थर सालीसारखा अख्खा सुटला होता. तेलाने तो विरघळवला नव्हता, तो मुळात धरलाच नव्हता. नळी कापताना लागलेले तेल आम्ही नुसते चिंधीने पुसले होते.

‘तेलरोधक’ म्हणजे काय?

डब्यावरील या शब्दाचा अर्थ एवढाच, की पूर्ण सुकल्यानंतर तेलाने त्याचे बिघडत नाही. तेलकट पृष्ठभागावर तो चिकटेल, असे त्यात म्हटलेले नाही. म्हणून आधी सफाई. रॉकेल किंवा डिझेलने धुतल्यास मागे तेलकट थर राहतो. ॲसिटोनने पुसावे, एमरी पेपर मारावा, पुन्हा स्वच्छ पांढऱ्या कापडाने ॲसिटोन फिरवावे. हे काम खिडकी उघडून व आगीपासून दूर करावे. मग पाण्याचा थेंब टाकून पाहावा. पाणी सलग पसरले तर धातू स्वच्छ; मण्यासारखे गोळा झाले तर तेल अजून आहे. खात्री झाल्यावर भाग पूर्ण सुकवावा व जोडाच्या जागी बोट लावू नये.

कोणत्या जोडाला काय?

बुश, बेअरिंग किंवा शाफ्टवरील चाक पक्के बसवायचे असल्यास लॉकटाइट जातीचे चिकटद्रव्य उत्तम. अमेरिकेतील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली ते तयार केले. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होते. पितळ व साध्या पोलादावर लवकर, स्टेनलेसवर सावकाश. फट मात्र अगदी बारीक हवी. सैल बसणारा बुश त्याने सुधारत नाही. काढायचा झाल्यास भाग चांगला तापवावा.

टाकीचे सांधे व नळ्यांसाठी सावकाश सुकणारे इपॉक्सी घ्यावे. पाच मिनिटांत सुकणारे सहसा उष्णतेला कमी टिकते. झाकणाच्या सांध्याला पॅकिंगबरोबर सिलिकॉनचा पातळ थर चालतो. जाड थराचे तुकडे आत सुटून तेलाची वाट बंद करतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तांब्या-पितळेला गंजवते. पेट्रोलच्या ठिकाणी साधे सिलिकॉन फुगते, तेथे ते वापरू नये.

जुने उस्ताद पॅकिंगला चपडा लाख लावीत. इंजिन ऑइलमध्ये ती आजही टिकते. परंतु लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तेव्हा पेट्रोलच्या बाजूला लाखेवर भरवसा ठेवू नये. मिथेनॉलवर चालणाऱ्या मॉडेल इंजिनात तर मुळीच नाही.

एक गोष्ट कधीही करू नये. वाफेचा बॉयलर चिकटद्रव्याने जोडू नये. तेथे चांदीची झाळच हवी; फुटलेला बॉयलर जिवावर बेततो.

शेवटी, कंपनीच्या शब्दापेक्षा आपल्या हाताची परीक्षा मोठी. त्याच धातूच्या दोन पट्ट्या त्याच पद्धतीने जोडाव्यात, पूर्ण सुकू द्याव्यात आणि ज्या तेलात जोड राहणार त्यात आठवडाभर बुडवून मग तोडून पाहाव्यात. सहज सुटल्या तर नुकसान दोन पट्ट्यांचे. गिऱ्हाइकाकडे सुटले असते तर ते आपल्या नावाचे झाले असते.