मे महिन्यात बीडमध्ये उणे ४० अंश!

मांजरसुंब्याच्या घाटात 'चेक इंजिन'चा दिवा लागला की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं: "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." जरा दमानं घ्या. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावला की मोबाइलवर बिघाडाचा कोड येतो. पण कोड कोणत्या सर्किटची तक्रार आहे एवढंच सांगतो, पार्ट खराब असल्याचा तो दाखला नव्हे.

समजा पी ०११८ आला. हा कूलंट टेंपरेचर सेन्सरचा. लाइव्ह डेटा उघडा. बाहेर ४२ अंश ऊन आणि स्क्रीनवर उणे ४० दिसलं, तर सर्किट कुठंतरी तुटलंय. कनेक्टर सैल असेल, पिनेवर हिरवट गंज असेल, नाहीतर उंदरानं वायर कुरतडली असेल (आपल्याकडं हे फार). कनेक्टर काढून वायरकडच्या दोन पिना क्षणभर जोडा. आकडा एकदम वर उसळला तर वायरिंग ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा कनेक्टरच्या जोडणीत.

गरम गाडी अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते? स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला, तर इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या.

इंजिनात जाणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर धुळीनं माखतो. त्याला खास एमएएफ क्लीनरच मारा, कार्ब्युरेटर क्लीनर नको.

कोणताही सेन्सर बदलताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन थंड होऊ द्या, ओ-रिंग नवी घाला. आणि पैसे देण्याआधी मिस्त्रीकडून जुना सेन्सर आणि कोडचा फोटो मागून घ्या.