वाफेच्या रेल्वे एंजिनांचे पुनरुज्जीवन

वाहतुकीतून निवृत्त होऊन संग्रहालयात, उद्यानात वा स्थानकाबाहेर दीर्घकाळ प्रदर्शनार्थ ठेवलेले वाफेचे एंजिन रुळांवर पुन्हा स्वतःच्या शक्तीने चालेल अशा स्थितीस आणण्याची प्रक्रिया. केवळ रंगरंगोटीचा तिच्यात समावेश होत नाही. रंगाखाली गंज लपत असल्याने सुस्थितीत दिसणारे एंजिन आतून निकामी झालेले असू शकते.

बिघाडाचे स्वरूप : उघड्यावरील एंजिनाच्या धुराड्यातून शिरणारे पावसाचे पाणी धूम्रपेटीचा तळ गंजविते. बाष्पित्रावरील उष्णतानिरोधक वेष्टन ओल धरून ठेवते व त्याखालील पोलादी पत्र्यास खळगे पडतात. जुन्या वेष्टनात बहुधा ॲस्बेस्टस असल्याने ते विशेष खबरदारीने काढावे लागते. दट्टे सिलिंडरांत चिकटून बसतात व धारव्यांतील वंगण वाळते. म्हणून एंजिन कारखान्यात ओढून नेण्यापूर्वी धारव्यांना वंगण देतात आणि दट्टे हलू नयेत यासाठी जोडदांडे काढून ठेवतात.

बाष्पित्राची दुरुस्ती : हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. दाबाखालील पाण्याचे तापमान १००° से.हून पुष्कळ अधिक असते. पत्रा फाटून दाब एकाएकी नाहीसा झाल्यास त्यातील काही पाण्याची तत्काळ वाफ होते. वाफेचे आकारमान पाण्याच्या सु. १,६०० पट असल्याने भीषण स्फोट होतो. म्हणून आतील नळ्या काढून पत्र्यांची जाडी श्राव्यातीत तरंगांनी ठिकठिकाणी मोजतात व तीवरून सुरक्षित दाब ठरवितात. झिजलेले पत्रे व स्टे बोल्ट बदलल्यावर जलदाब परीक्षा घेतात. पाणी जवळजवळ असंपीड्य असल्याने या परीक्षेत पत्रा फुटला, तरी स्फोट होत नाही. अमेरिकेत ही परीक्षा कार्यकारी दाबाहून २५ टक्के अधिक दाबास घेतात. तसेच १,४७२ सेवादिवस किंवा १५ वर्षे यांपैकी जे आधी पूर्ण होईल, त्या वेळी बाष्पित्राची संपूर्ण तपासणी बंधनकारक आहे.

उदाहरणे : १८५५ मध्ये लीड्स येथे बनलेले ईस्ट इंडियन रेल्वेचे ‘फेअरी क्वीन’ १९०९ मध्ये सेवेतून काढले गेले. नंतर ते हावडा स्थानकाबाहेर व पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रदर्शनार्थ होते. १९९७ मध्ये ते पुन्हा दिल्लीहून अलवरपर्यंत धावले. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेचे ‘बिग बॉय’ वर्गातील ४०१४ क्रमांकाचे एंजिन (१९४१) कॅलिफोर्नियातील पोमोना येथे सु. ५० वर्षे उभे होते. २०१३ मध्ये कंपनीने ते परत मिळविले. त्याची भट्टी कोळशाऐवजी तेलावर चालेल अशी करण्यात आली व २०१९ मध्ये ते पुन्हा धावू लागले.

ऐतिहासिक मूल्य : एंजिनाचा प्रत्येक मूळ भाग तत्कालीन धातुविद्येचा व कारागिरीचा पुरावा असतो, पुनरुज्जीवनात तो काही अंशी नष्ट होतो. याउलट, एंजिन चालू ठेवल्याने बाष्पित्र बांधण्याचे व एंजिन हाकण्याचे कौशल्य टिकते, ते स्थिर एंजिनाने टिकत नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वी मोजमापे व छायाचित्रे घेऊन काढलेले भाग जतन करतात. अतिदुर्मिळ एंजिनाच्या बाबतीत चालती प्रतिकृती बनविणे श्रेयस्कर ठरते. स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ची (१८२९) अशी प्रतिकृती ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये तयार करण्यात आली, मूळ एंजिन स्थिरच ठेवले आहे.