माउसच्या पायाखालचं घर्षण

माउस पॅडकडून आपण एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो. माउसच्या तळाला चिकटवलेल्या चपट्या पायांना ते गुळगुळीत लागलं पाहिजे आणि त्या पायांच्या मधे असलेल्या बारीक डोळ्याला ते खडबडीत दिसलं पाहिजे. दोन-चार मिलिमीटर जाडीचा एक तुकडा ही दोन्ही कामं करतो, हे लक्षात आल्यापासून मला ही वस्तू फार विलक्षण वाटते.

आधी डोळ्याचं पाहू. जुन्या माउसच्या पोटात रबराचा थर दिलेला जड गोळा असे. तो फिरायच्या ऐवजी घसरला, तर पडद्यावरचा बाण जागचा हलत नसे. त्यामुळे तेव्हाच्या पॅडला पकड असावीच लागे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला आणि गोळ्याची जागा कॅमेऱ्यानं घेतली. हा कॅमेरा सेकंदाला १५०० चित्रं टिपायचा. आजचे त्याच्याही कितीतरी पुढे गेलेत. माउसमधला दिवा पॅडवर तिरपा प्रकाश टाकतो. मावळतीच्या उन्हात नांगरलेल्या शेतातल्या प्रत्येक ढेकळाची लांब सावली पडते, तशी कापडाच्या एकेका धाग्याची सावली पडते. आधीच्या चित्रातल्या सावल्या पुढच्या चित्रात किती सरकल्या, यावरून हात कुठे गेला हे माउस ओळखतो. स्वच्छ पारदर्शक काचेवर सावलीच पडत नाही, म्हणून तिथे साधा माउस चाचपडतो.

या बदलानं एक मोठं काम झालं. माउसला चालण्यासाठी घर्षणाची गरज उरली नाही. आता घर्षण किती असावं, हे फक्त आपल्या हातानं ठरवायचं.

पायांची गोष्ट तर आणखी सुरस आहे. चांगल्या माउसचे पाय पीटीएफईचे, म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो त्याचे असतात. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट शीतकरणासाठी नव्या वायूच्या शोधात होते. एका सिलिंडरची झडप उघडली, तर वायू आलाच नाही. वजन मात्र रिकाम्या सिलिंडरचं नव्हतं. त्यांनी सिलिंडर कापायला लावला. आत मेणासारखी पांढरी पूड निघाली. वायूचे रेणू आपोआप जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या झाल्या होत्या. त्या साखळ्या एकमेकींवरून सहज सरकतात, शिवाय समोरच्या पृष्ठभागावर आपला पातळ थर सोडतात. म्हणजे थोड्या वापरानंतर पीटीएफई पीटीएफईवरूनच सरकू लागतं. नवे पाय काही दिवसांनी जास्त मऊसूत चालतात, त्यामागे हेही कारण आहे.

मग पॅड आरशासारखं घासून काढलं तर घर्षण अगदीच कमी होईल? पुण्या-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांनी स्लिप गेज हाताळलेत, त्यांना उत्तर ठाऊक आहे. अतिशय सपाट घासलेले ते पोलादी ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटून बसतात. पृष्ठभाग फार गुळगुळीत झाले की खरोखर एकमेकांना टेकणारा भाग वाढतो आणि रेणूंची ओढ जाणवू लागते. म्हणूनच काचेच्या चांगल्या पॅडवर मुद्दाम अतिसूक्ष्म खरखर कोरलेली असते. पाय फक्त तिच्या टोकांवर टेकतात आणि कॅमेऱ्यालाही सावल्या मिळतात.

पॅड निवडताना निव्वळ 'कमी घर्षण' पाहून भागत नाही. थांबलेला माउस हलवायला लागणारा जोर आणि हलता माउस हलता ठेवायला लागणारा जोर, यांतला फरक पाहायला हवा. हा फरक मोठा असेल, तर बारीक हालचाल करताना माउस आधी अडतो आणि मग झटक्यात पुढे जातो. चित्र काढणाऱ्याला किंवा एक्सेलच्या बारीक चौकटीत नेमकं क्लिक करणाऱ्याला याचाच त्रास होतो. घरी हे मोजता येतं. पॅड एका फळीवर पसरा, वर बिनतारी माउस ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. माउस घसरू लागेल तिथे थांबा. उंचीला आडव्या अंतरानं भागा, घर्षणांक मिळतो. आडवं अंतर ३० सेंमी आणि उंची ६ सेंमी असेल, तर ०.२. मग फळी थोडी खाली घेऊन माउसला हलकी टिचकी मारा. ज्या उताराला तो सुटल्यावर त्याच वेगानं चालत राहतो, तो गतिक घर्षणाचा आकडा. हे दोन आकडे जितके जवळ, तितकं पॅड चांगलं. हाच प्रयोग कापडी पॅड काटकोनात फिरवून करा. विणीचे उभे आणि आडवे धागे सारखे नसतील, तर आकडा बदलतो.

कापडाचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. हात जरा दाबला की पाय मऊ पॅडमध्ये रुततात आणि माउस जागीच थांबतो. काचेवर हा ब्रेक फारसा लागत नाही, सगळा ताबा बोटांना ठेवावा लागतो. उलट, कापड घाम आणि दमट हवा शोषतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तेच पॅड जड वाटू लागतं, काचेचं मात्र पुसलं की पूर्ववत होतं. काचेवर वाळूचा एक कण जरी आला, तरी तो पायांना ओरखडे पाडतो.

दिवसभर ऑफिसचं काम असेल, तर घट्ट विणीचं, पातळ पॉलिएस्टरचं कापडी पॅड घ्या. ते मळलं की थंड पाण्यात साबणानं धुऊन सावलीत वाळवा. भराभर आणि लांबवर हात फिरवायचा असेल, तरच काच. आणि नवं पॅड घेण्याआधी माउस उलटा करून पाय पाहा. ते झिजून प्लास्टिकच्या तळाशी समपातळीत आले असतील, तर आधी पाय बदला, कारण अशा माउसला कोणतंही पॅड जडच लागेल.