नॉर्मलाइज केलं, तरी हात नॉबवरच

मामाची गाडी जुनी आहे आणि तिच्यात अजून सीडीच वाजते. त्याच्या साठीला मी त्याच्या आवडत्या गाण्यांची एक सीडी राईट करून दिली. बालगंधर्वांची, म्हणजे नारायणरावांची, नाट्यपदं, बाबूजींची भावगीतं, दोन-तीन ढोलकीच्या लावण्या, एक ख्याल आणि भाचरांच्या हट्टापायी ‘नटरंग’ आणि ‘सैराट’मधलंही काहीबाही. राईट करण्याआधी ‘नॉर्मलाइज’च्या चौकोनात आठवणीने खूण केली होती. आठवड्याने फोन आला. “अरे, नारायणरावांसाठी आवाज वाढवावा, तर पुढच्या गाण्याला काचा थरथरतात. अख्ख्या घाटात माझा एक हात नॉबवर!”

सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम चोख केलं होतं. घोळ माझ्या समजुतीत होता, आणि तो बहुतेकांच्या समजुतीत असतो. नॉर्मलाइज म्हणजे सगळी गाणी सारख्या आवाजाची, असं आपण धरून चालतो. सीडीवर आवाज साठवतात तो आकड्यांत: प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला 44,100 आकडे, आणि प्रत्येक आकड्याला 32,767 चं छत. साधं नॉर्मलाइज गाण्यातला सगळ्यात मोठा आकडा शोधतं आणि तो छताला टेकेल इतकं सगळं गाणं वर उचलतं. म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्याचा निकाल एका क्षणावर लागतो. कान मात्र क्षण मोजत नाही. एखादं गाणं मोठं वाटतं की बारीक, हे बरंचसं त्याच्या सरासरी जोरावर ठरतं.

बालगंधर्वांची पदं 78 च्या तबकड्यांवरून उतरवलेली. तबकडीवर एक चरा असला की एक खणखणीत ‘टक्’ येतो आणि आकड्यांच्या हिशेबात तोच गाण्याचं शिखर ठरतो. टक् छताला टेकला, सॉफ्टवेअरच्या लेखी काम झालं, नारायणराव बिचारे खालीच राहिले. लावणीतही तोच प्रकार, फक्त तिथे दोष चऱ्याचा नसून ढोलकीच्या थापेचा. थाप क्षणभर उंच उसळते, मधला गळा आणि पेटी त्यामानाने कितीतरी खाली. उलट गेल्या दोन-तीन दशकांतल्या बऱ्याच व्यावसायिक ध्वनिमुद्रणांत शिखरं दाबून सरासरी आधीच छतापाशी आणून ठेवलेली असते. परदेशात या चढाओढीला ‘लाऊडनेस वॉर’ म्हणतात. 2008 मध्ये मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर त्यांचेच चाहते उखडले ते यामुळेच, कारण त्याच अल्बमची ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली आवृत्ती कमी दाबलेली होती आणि कानाला मोकळी वाटत होती. तर अशी तीन तऱ्हेची गाणी शिखराला शिखर लावून बसवली, की मामाचा हात नॉबवर जाणारच.

मोजायला हवा तो जाणवणारा जोर. 2001 मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलेली ‘रिप्लेगेन’ पद्धत नेमकी हीच. पुढे 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अशा मोजणीचं प्रमाण ठरवलं आणि 2010 मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी त्यावरून आपला नियम बांधला. घरगुती सॉफ्टवेअरमध्ये ‘लाऊडनेस नॉर्मलायझेशन’ किंवा ‘ट्रॅक गेन’ असा पर्याय दिसला, तर तो घ्यावा.

इथे दुसरी समजूत आडवी येते: बारीक गाणी वर आणावीत, मोठ्यांना हात लावू नये, कारण आवाज कमी केला की दर्जा जातो. वास्तव जवळजवळ उलटं आहे. वर छत ठरलेलं आहे. त्यापलीकडे उचललेल्या लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. खाली मात्र मोप जागा आहे. सीडीच्या 16 बिटांत सुमारे 96 डेसिबलचा पल्ला बसतो, दर बिटाला साधारण 6. रिप्लेगेनमध्ये 89 डेसिबलची पातळी रूढ आहे. समजा, नवं गाणं 98 भरलं, तर ते 9 ने खाली घ्यायचं. जातो तो जेमतेम दीड बिट, आणि गाडीच्या घरघरीत त्याचा पत्ताही लागत नाही. नारायणरावांचं पद 86 भरलं, तर आधी तो टक् काढायचा, मग 3 ने वर. पदाबरोबर तबकडीची खरखरही वाढते, पण दोघांमधलं अंतर होतं तेवढंच राहतं.

कॉम्प्रेसरने एकदाच सगळं सपाट करून टाकावं, असाही सल्ला मिळतो. कॉम्प्रेसर गाण्यागाण्यांतला फरक सोडून गाण्याच्या आतला चढउतार मारतो. घाटातल्या गाडीसाठी चिमूटभर ठीक; त्याहून जास्त मी तरी करणार नाही.

फाईलला रिप्लेगेनचा टॅग लावला की झालं, हाही एक समज. टॅग म्हणजे फाईलला डकवलेली चिठ्ठी. ऑडिओ सीडीवर ती जातच नाही, म्हणून राईट करतानाच सॉफ्टवेअरने आकडे बदलायला हवेत. एमपीथ्रीची सीडी असेल, तर अनेक गाड्यांचे प्लेअर ती चिठ्ठी वाचत नाहीत. तिथे ‘एमपीथ्रीगेन’ बरं. ते फाईलच्या आतलाच पातळीचा आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतं, गाणं पुन्हा एन्कोड न करता, आणि बदल मागेही घेता येतो. राईट करण्याच्या वेगाने आवाज कमीजास्त होतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की आकडे हळू लिहिले काय आणि भरभर लिहिले काय, आकडे तेच.

आता ख्याल. विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या. प्रत्येक ट्रॅक समान करण्याच्या नादात विलंबित वर उचललं आणि द्रुत खाली दाबलं, तर गायकाने तासभर बांधलेली चढण आपण एका टिचकीत सपाट करतो. अशा जोडीला ‘अल्बम गेन’ लावायचा. दोन्ही ट्रॅक एकाच मापाने सरकतात.

एवढं करूनही शेवटचा हात कानानेच फिरवावा लागला. जुन्या तबकड्यांत खर्ज जवळजवळ नसतो, बराचसा आवाज कानाला तिखट लागणाऱ्या मधल्या पट्ट्यात असतो, त्यामुळे आकडा जुळूनही नारायणराव किंचित पुढे येत होते. त्यांना एक डेसिबल खाली घेतलं आणि दुसरी सीडी पाठवली.

नॉबची तक्रार मिटली. आता मामाचं म्हणणं, विलंबित संपून द्रुत सुरू होताना दोन सेकंद तंबोरा गप्प होतो. ‘ट्रॅक-ॲट-वन्स’ऐवजी ‘डिस्क-ॲट-वन्स’ निवडायला मी विसरलो होतो. तिसरी सीडी राईट करायची आहे.